मामांची हवाई गिरदावरी

आमच्या मामांइतका जमिनीला चिकटलेला वैमानिक उभ्या जगात दुसरा नसेल. पांढुर्ण्याच्या घरी कॉम्प्युटरसमोर बसून ते रोज विमान उडवतात. पण आकाशाकडे त्यांचं लक्ष म्हणून नसतं. सारा जन्म पटवारकीत, म्हणजे तलाठ्याच्या कामात, गेला. कुणाच्या वावरात काय उभं आहे ते फिरून पाहायचं आणि नोंदवायचं, म्हणजे गिरदावरी, हेच त्यांचं काम. निवृत्तीनंतर गुडघे गेले, तेव्हा पुतण्याने विरंगुळा म्हणून हा विमानाचा खेळ बसवून दिला. मामा पहिल्याच दिवशी नागपूरहून उडाले, सौंसरवर आले आणि खेळ थांबवून चष्मा पुसू लागले. खाली संत्र्याच्या बागांच्या जागी देवदाराचं जंगल होतं, आणि कापसाच्या काळ्या रानात बर्फाळ मुलखातलं गवत. "कोनं केली ही गिरदावरी? बसल्या जागी लिहून देल्ली दिसते," ते म्हणाले.

तेव्हापासून मामा तो मुलूख दुरुस्त करताहेत. मोहगावहून कुणीही आलं, की त्याला आधी चहा आणि मग प्रश्न: धुऱ्यापलीकडे, तुमच्या बांधाच्या पल्याड, यंदा काय आहे? उत्तर मिळालं की त्या वावरात संगणकावर तेच पीक. विमान ते इतकं हळू चालवतात की ते हवेतच बंद पडून खाली येतं. मग विमानाचं काय झालं यापेक्षा आपण कुणाच्या वावरात पडलो हे आधी तपासतात. पुतण्याने एकदा लंडनवरून उडायला सुचवलं, तर म्हणाले, "तिथल्या एकाही वावराचा मालक मले माईत नाही." मामींनाही सवय झाली आहे. जाम नदी ओलांडली, सावरगाव आलं, असं मामांच्या तोंडून ऐकू आलं, म्हणजे विमान घराजवळ आलं, की त्या कुकर लावतात.

मला मात्र त्या खुर्चीशेजारी बसायची धास्ती वाटे. मामांना मूलबाळ नाही. मोहगावची त्यांच्या हाताने लावलेली दोन एकर संत्र्याची बाग त्यांनी मला, एकुलत्या भाच्याला, दिली. मी शाळामास्तर. एका उन्हाळ्यात विहिरीवरची मोटार बिघडली, मी आज-उद्या करत राहिलो आणि झाडं वाळली. ती उपटून मी कापूस लावला. मामांना सांगायचं धैर्य झालं नाही. त्यांनी विचारलं तेव्हा "संत्रीच आहेत" म्हणालो, आणि ते खरं दिसावं म्हणून दर हंगामात सौंसरच्या बाजारातून टोपलीभर संत्री घेऊन 'बागेची' म्हणून देत राहिलो. मामा सोलून खात, साल हुंगत आणि मला चहा पाजत. मला घरी जेवण जात नसे.

गेल्या दिवाळीनंतर एका दुपारी त्यांनी मला शेजारी बसवलं. "चाल बाबू, आज तुया वावरावरून जाऊ." मोहगाव आलं. विमान कललं. खाली माझी विहीर होती, आणि तिच्याभोवती धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत फुटलेला पांढरा कापूस.

मी खाली मान घालून सगळं सांगितलं. मोटार, आळस, बाजारची टोपली.

"पहिल्याच टोपलीत समजलं मले," मामा स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाले. "आपल्या झाडाची साल अशी नोयती. मोहगावच्या मानसाले इचारलं अन् त्याच दिवशी कापूस लिहून टाकला."

"मग बोलला नाहीत, मामा?"

"खोटं सांगनाऱ्याले चहा पाजत राहावा. तो आपल्यानं बोलते. तू लय चहा पेला, बाबू." मग त्यांनी विचारलं, "एकही झाड नाही राह्यलं?"

विहिरीला लागून एक वाचलं आहे, मी म्हणालो. किती वर्षांनी मी त्यांना खरं उत्तर दिलं होतं. मला चक्क भूक लागली. मामींनी आतून विचारलं, कुकर लावू का.

पुढच्या आठवड्यात त्या झाडाची चार संत्री नेली. लहान होती, आंबट होती. मामांनी साल हुंगली आणि शेवटची फोड संपेपर्यंत ते डोळे मिटून खात राहिले. त्यांच्या संगणकात संत्र्याचं झाड मिळत नाही, म्हणून विहिरीजवळ त्यांनी कुठलंसं परदेशी गोल झाड लावलं आहे. गिरदावरीत एवढी एकच चूक त्यांनी ठेवली. तिथे आलं की मामा अजून वेग कमी करतात, आणि विमान पडेल की काय अशा बेताने त्या झाडाभोवती एक फेरी घालतात.