अंगठ्याखालची नाडी

तालुक्याच्या रुग्णालयात मी आईच्या खाटेशी बसलो होतो. सकाळी डॉक्टरीची मुलं शिकायला वॉर्डात येतात. त्यांच्या पांढऱ्या कोटांच्या घड्याही अजून मोडलेल्या नसतात. त्यातल्या एका मुलीने आईचं मनगट धरलं, घड्याळाकडे बघत राहिली आणि तिचा चेहरा उतरला.

"सर, यांची नाडी फार पळतेय."

मी उठून उभा राहिलो.

शिकवणारे डॉक्टर शांतपणे म्हणाले, "आधी अंगठा काढ. अंगठ्याने पाहिलं की स्वतःचीच नाडी लागते. पळतेय ती तुझी."

मुलीने तीन बोटं टेकवली. आईची नाडी खोल गेलेली, संथ. सापडायलाच वेळ लागला.

भीतीचं असंच असावं. आजारी माणसाचा हात धरून आपण आपलीच धडधड मोजत बसतो.

सगळे पुढच्या खाटेकडे गेले. मी आईचा गार हात हातात घेतला. तीन बोटं मनगटापर्यंत नेली आणि थबकलो. काहीच लागलं नाही तर?

मी अंगठा ठेवला. तिथे काहीतरी नक्की पळत असणार होतं.