एका चौरस मीटरमध्ये सहा

आमची आत्या ट्रामच्या कचेरीत इंजिनियर होती. कोणत्या मार्गावर किती गाड्या, किती डबे, हे ती ठरवायची. घरात मात्र तिला सल्ला विचारायची कोणाची छाती होत नसे, कारण विचारलं की ती खरं सांगून मोकळी व्हायची.

त्या वर्षी कारखान्यांपासून इस्पितळापर्यंत नवी ट्राम निघायची होती. आत्याने हिशेब मांडला, की सकाळच्या गर्दीला एक डबा पुरणार नाही, दोन जोडावे लागतील. मोठ्या साहेबांना दुसरा डबा नको होता. आत्याने एका चौरस मीटरला चार उभे प्रवासी धरले होते, ते साहेबांनी सहा केले. कागदावर सगळी गर्दी एका डब्यात मावली. आता त्यावर आत्याची सही तेवढी हवी होती. सही झाली की वरची जागा तिचीच, असंही साहेब गोड बोलून सुचवून गेले.

"ताई, सही कर आणि मोकळी हो," बाबा जेवताना म्हणाले. "तुला थोडंच उभं राहायचंय त्यात?"

"मला नाही. पण कोणाला तरी राहायचंय ना."

बाबांनी भात कालवला. हिच्यापुढे डोकं आपटून उपयोग नाही, हे ते लहानपणीच शिकले होते.

बैठकीच्या दिवशी आत्या खडू घेऊन गेली. टेबल बाजूला सारलं आणि फरशीवर मीटरभर लांबीरुंदीचा चौकोन आखला. "या, सहा जण उभे राहा. पिशव्याही घ्या." सगळे हसले. नाही म्हटलं तर शोभणार नाही, म्हणून साहेबच आधी शिरले. मागोमाग चौघे आले. हिशेब खात्याच्या बाई स्वतःहून आल्या आणि मधोमध अडकल्या. त्यांनी फाइल छातीशी घट्ट धरली. हसणं थांबलं. आत्या शांतपणे अहवाल वाचू लागली. दुसऱ्या पानावरच साहेब घाम पुसत बाहेर पडले.

"झाला तमाशा?"

"तुम्ही उतरलात, साहेब. अजून पहिला स्टॉपसुद्धा आलेला नाही."

तिने सहा खोडला, चार लिहिला आणि खाली सही ठोकली.

आठवड्याच्या आत तिची बदली झाली, प्रवाशांच्या विसरलेल्या छत्र्या आणि जेवणाचे डबे सांभाळायच्या खोलीत. वरची जागा हातची गेली. तिला त्याचं काही वाटलं नाही. मला मात्र वाटतं, आणि त्या साहेबांचा अजून संताप येतो.

तिची बदली झाल्यावर साहेबांनी तो कागद हिशेब खात्याच्या बाईंपुढे सरकवला. चाराचे पुन्हा सहा करायला सांगितले. बाईंनी पेन त्यांच्याच हातात दिलं.

"तुम्हीच लिहा, साहेब. मी त्यात उभी होते."

साहेबांच्याने ते लिहवलं नाही. ट्राम दोन डब्यांची सुटली.