पिठीचं माहेर

"दिवसा घरी कोण असतंय?"

पिल्लू मागायला आलेल्या प्रत्येकाला गिरणीवाल्या मावशी हा एकच प्रश्न विचारायच्या. तोही त्याच्याकडे न बघता. नजर गिरणीच्या तोंडाकडे, एक हात ज्वारी खाली सारत असलेला, आणि मोटारीच्या आवाजावर चढवलेला खडा सूर. उत्तर नीट ऐकू आलं नाही तरी त्या गिरणी थांबवायच्या नाहीत. आपणच पुन्हा ओरडून सांगायचं, की आमच्या घरी दिवसा कोणी नसतं. डबे घेऊन उभ्या असलेल्या सगळ्या बायांसमोर.

अहमदपूरला एसटी स्टँडच्या मागे आमची गल्ली आहे, तिच्या तोंडाशी ही गिरणी. सांडलेल्या पिठाच्या आणि मोटारीच्या उबेच्या आशेने गल्लीतली कुत्री तिथे पडून असत. दरवर्षी एखादी कुत्री पोत्यांच्या थप्पीमागे व्यायची. पिल्लं डोळे उघडून धडपडायला लागली की मावशी त्यांच्यासाठी घरं शोधायच्या. शोधायच्या म्हणजे अक्षरशः स्थळं बघायच्या.

लाइट गेली की गिरणी बंद. मग त्या पदराने तोंड पुसून निघायच्या, पिल्लू मागणाऱ्याच्या घरी. ओसरीवर बसून पाणी मागायच्या. सावली कुठे असते, गेट उघडं राहतं का, शिळं कोण खातं, सगळं बघायच्या. आणि उठताना मुलीकडच्या मंडळींच्या थाटात म्हणायच्या, "कळवते." ज्याला पिल्लू मिळायचं त्याला त्यासोबत खणाचा एक तुकडा आणि गुळाचा खडा मिळायचा. मोकळ्या हाताने लेकरू पाठवू नये, असं त्यांचं म्हणणं.

नांदेड रोडला नवा बंगला बांधलेले एक साहेब जीप घेऊन आले होते. राखणीला कुत्रं पाहिजे म्हणाले. बंगल्यात राहायला यायला अजून वेळ होता.

"मग कुलूप घ्या की साहेब," मावशी म्हणाल्या. "त्याला भाकर लागत न्हाई. आन त्ये रडत बी न्हाई."

दुसरं एक जोडपं होतं, दोघंही नोकरीवाले, स्वभावाने चांगले. त्यांनी मोबाइल काढून दाखवला. घरात कॅमेरा बसवलाय, ऑफिसात बसून आम्हाला पिल्लू दिवसभर दिसेल, असं ते समजावून सांगत होते. मावशींनी सगळं लक्ष देऊन ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुमाला त्ये दिसंल. त्याला तुमी दिसताल का?"

मी तेव्हा दळणाच्या रांगेत होते आणि सगळ्यांबरोबर हसले होते. दुसऱ्याचं हसं होत असलं की आपल्याला सगळंच पटतं. माझ्यावर पाळी आली तेव्हा मात्र मला चांगलाच राग आला.

त्याचं असं झालं. मी बँकेत, आमचे हे खेड्यावर शिक्षक, आणि श्रावणी, आमची एकुलती एक, शाळा आणि ट्यूशन करून दिवेलागणीला घरी येणारी. सासूबाई होत्या तोवर घर उघडं असायचं. त्या गेल्या आणि दाराला दिवसभराचं कुलूप लागलं. श्रावणी घरी आली की आधी आजीच्या कॉटकडे बघायची आणि मग दप्तर ठेवायची. बोलणं तिने जवळजवळ टाकूनच दिलं होतं. एका संध्याकाळी ती आपण होऊन म्हणाली, "आई, गिरणीत तांबडी पिल्लं झालीयेत. एक आणू या?" इतक्या दिवसांनी तिने काही मागितलं होतं. मी चांद्यापासून बांद्यापर्यंत पिल्लं शोधली असती, ही तर गल्लीच्या तोंडाशी होती.

मावशी आमच्या घरी आल्या, पाणी प्यायल्या आणि कुलपाकडे बघून म्हणाल्या, "म्याडम, राग धरू नगा. पर न्हाई जमायचं."

"अहो, पण खाऊन-पिऊन सुखी राहील पिल्लू इथे."

"खाण्याचं कोन इचारलंय?"

त्या गेल्यावर मी खूप बोलले. कुत्र्याच्या पिल्लासाठी एवढा तोरा, असंही बोलले. श्रावणी रोज ट्यूशनहून येताना गिरणीत जाऊन बसू लागली. एक पिल्लू तिच्या मांडीवर येऊन झोपायचं, मादी होती, चारी पाय पांढरे, पिठात उभी राहून आल्यासारखी. आमच्याकडे मादी कोणी नेत नाही. तीच मागे राहिली होती. श्रावणीने तिला पिठी म्हणायला सुरुवात केली.

मग एका दुपारी लाइट गेली असताना मावशी माझ्या बँकेतच आल्या. काउंटरवर दोन्ही कोपरं टेकून, लोकांच्या देखत मला म्हणाल्या, "म्याडम, असं करू. दिवसा माहेरी, रातच्याला सासरी. काय म्हनता?"

तेव्हापासून तसंच सुरू झालं. सकाळी हे शाळेला निघताना पिठीला गिरणीत सोडायचे. संध्याकाळी मी आणि श्रावणी तिला आणायला जायचो. गल्लीने यथेच्छ चेष्टा केली. "सासूबाई, सून आली का माहेराहून?" असं शिंपीकाका मला रोज विचारायचे. ते गिरणीच्या समोर मशीन घेऊन बसत. पण पिठी मोठी झाली, सगळ्यांची झाली, आणि आमच्या घरात पुन्हा बोलणं सुरू झालं. श्रावणी आल्या आल्या शाळेतलं सगळं तिला सांगायची. आम्ही आपले कान देऊन ऐकत असू.

मावशी आम्हाला रोज दिवसभराची हकिगत द्यायच्या. "आज बाई रुसून बसल्या हुत्या. पोरानं शेपटी वढली." किंवा, "दुपारी लई झोपली. घोरून राह्यली हुती, गिरणीपरीस मोठ्यानं." आधी मला निघायची घाई असायची, स्वयंपाक पडलेला असायचा. पुढे पुढे मीच तिथल्या पोत्यावर बसू लागले. मावशी एकट्या राहतात, नवरा कधीच वारला, एवढंच मला माहीत होतं. या गिरणीवर एकटीने संसार केलेली बाई, कडक असणारच, असा माझा सोयीचा समज होता.

एकदा मी अर्ध्या दिवसाची रजा घेऊन लवकर आले. लाइट गेलेली, गिरणी शांत. पिठी त्यांच्या पायाशी होती. बोलता बोलता मी सहज म्हणाले, की माझ्या भाचीला लातूरचं छान स्थळ आलंय. घरात नवरा-बायको दोघंच. सासू नाही, नणंद नाही, कसला जाच नाही.

मावशी पिठीच्या कानामागे खाजवत होत्या. तशाच बोलू लागल्या.

"माझ्या लेकीला बी असंच मिळालं हुतं. लातूरलाच. पोरगं लई गुणाचं. आमी समदं इचारलं माय. जमीन किती, सलॅबचं घर हाय का, नळ घरात येतो का. लोक म्हनले, नशीब काढलं पोरीनं, घरात कुनी न्हाई, रानी होऊन ऱ्हाईल. म्या सोता पेढे वाटले. कुनी न्हाई म्हून वाटले."

मला पुढचं ऐकू नये असं वाटत होतं. पण त्या थांबल्या नाहीत.

"सातवा लागला हुता तिला. दुपारी मोरीत पडली. फिट आली म्हनले. आतून कडी. जावई सांच्याला कामावरून आला, तवा दार मोडलं. डाक्टर म्हनला, दुपारी आनली असती तर." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. "त्याचा काय दोष? त्यो कामावर. दोष कुनाचाच न्हाई. पर दिवसा घरी कोन असतंय, हे म्या इचारलं न्हाई."

लाइट आली. त्या उठल्या, पट्टा चढवला आणि एका बाईचं दळण ओतलं.

लेकीसाठी रिकामं घर म्हणजे सुखाचं घर, हे आपण सगळेच किती अभिमानाने सांगतो. माझी आईही माझ्या वेळी अशीच मिरवली होती, सासूबाई तेव्हा गावाकडे राहायच्या. मी त्या संध्याकाळी बहिणीला फोन केला आणि स्थळाबद्दल एकच गोष्ट विचारली. तिला वाटलं मला वेड लागलं. पण शेजार कसा आहे, हाकेला कोण आहे, हे तिने जाऊन बघितलं, एवढं खरं.

पुढच्या वर्षी मावशींना दम लागू लागला. लातूरच्या डॉक्टरांनी हृदय थकलंय म्हणून सांगितलं, पिठाच्या धुळीत बसू नका म्हणाले. गिरणी आधी अर्धा दिवस, मग बंदच झाली. नांदेडहून पुतण्या न्यायला आला. भला माणूस, पण तो आणि त्याची बायको दोघंही सकाळी घर सोडणारे. मावशींनी त्याला जेवू घातलं आणि परत पाठवलं. "इथंच बरी हाय म्या," म्हणाल्या.

बरी कशाची! आमची गल्ली सकाळी दहाला ओस पडते. पोरं शाळेत, मोठी कामावर. संध्याकाळी सगळे त्यांच्याकडे डोकावायचे, कोणी वरण-भात द्यायचं, कोणी गोळ्या आणून द्यायचं. दिवसा शिंपीकाका समोर असत, पण मशीनवर मान खाली घालून. गिरणीच्या मागच्या खोलीत कॉटवर मावशी, आणि कॉटखाली पिठी. आम्ही अजूनही सवयीने म्हणायचो, की पिठीला मावशींकडे ठेवून येतो. कोण कोणाकडे राहत होतं ते आम्हाला कळत होतं. पिठीलाही कळत असावं. पूर्वी ती सकाळी रेंगाळत निघायची, आता यांच्या पुढे पळत जायची.

मार्चमधली दुपार होती. बँकेत शिंपीकाकांचा फोन आला. पिठी बाहेर येऊन भुंकत होती, आत जात होती, पुन्हा येऊन त्यांच्या लेंग्याला धरून ओढत होती. ते आत गेले तेव्हा मावशींना घाम फुटला होता. काकांनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, चमच्याने पाणी पाजलं, हाताखालच्या पोराला रिक्षा आणायला पिटाळलं. पाणी घशाखाली उतरलं. मावशींनी हात खाली सोडला, तो पिठीच्या डोक्यावर टेकला. रिक्षा येईतो सगळं संपलं होतं.

मी पोचले तेव्हा तो हात तसाच होता. मी खूप रडले. आणि त्या रडण्यात एक समाधान होतं, ते मी लपवत नाही. भर दुपारी, कामाच्या दिवशी, त्यांच्याजवळ कोणीतरी होतं.

प्रश्न मग पिठीचा आला. शिंपीकाकांचं मशीन उघड्यावर, तिथे तिला दिवसभर बांधून ठेवावं लागलं असतं. पुतण्याने गिरणीला कुलूप लावलं, आणि पिठीला आत ठेवून आम्ही आमच्या घराला. मोठं भांडंभर पाणी, भाकरी, पंखा चालू. तिने भाकरीला तोंड लावलं नाही. दोन दिवस रजेवर असलेल्या शेजारच्या काकू म्हणाल्या, ती रडत नाही, नुसती दार खरवडत असते. आम्ही बघितलं, दाराच्या आतल्या बाजूला खालचा सगळा रंग निघाला होता. हे म्हणाले, मी दुपारी येऊन जात जाईन. शाळा कुठे आणि घर कुठे, हे त्यांनाही माहीत होतं.

एका रात्री जेवता जेवता श्रावणी म्हणाली, "आपण तिला देऊन टाकू." घास तसाच ताटात ठेवून म्हणाली. मी तिला जवळ घेतलं, तर ती बाजूला सरकली. रडायचं नाही असं तिने ठरवलेलं दिसत होतं.

घरही तिनेच निवडलं. गावाबाहेर मळ्यात राहणारं शेतकऱ्याचं कुटुंब, गिरणीचं जुनं गिऱ्हाईक. घरातल्या आजी सबंध दिवस अंगणात बसून असतात, दोन म्हशी आहेत, लिंबाची गार सावली आहे. श्रावणी वडिलांबरोबर तिथे दोनदा जाऊन आली. एकदा सकाळी आणि एकदा मुद्दाम भर दुपारी. मग माझ्या कपाटातला चोळीचा एक खण मागून घेतला आणि पिठीला पोचवून आली. आल्यावर मात्र ती खूप रडली. मी तिला थांबवलं नाही.

श्रावणात आमच्या भागात पंचमीला लेकी माहेरी येतात. मळ्यातल्या आजींनी कोणी न सांगता निरोप धाडला, की पंचमीला आमचा पोरगा पिठीला घेऊन येईल. मी रजा टाकली. दार सताड उघडं ठेवलं. पुरणाची दिंडं उकडायला ठेवली.

मोटारसायकलवरून पिठीने उडी मारली, अंगाने ती चांगली भरली होती. श्रावणी दारात उभी होती. पिठीने तिच्याभोवती एक फेरा मारला, तिचे हात चाटले, आणि आमच्या उघड्या दारावरून पुढे पळाली. सरळ गिरणीकडे.

आम्ही मागे गेलो. शटर बंद होतं. पिठी खाली वाकून फटीत नाक घालून वास घेत होती, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. शिंपीकाकांनी मशीन थांबवलं. मी हाक मारणार होते, पण श्रावणीने माझा हात धरला. ती जाऊन पायरीवर बसली, मीही बसले.

बऱ्याच वेळाने पिठी शिंकली आणि येऊन श्रावणीच्या मांडीवर डोकं ठेवलं. तिच्या नाकाला थोडंसं पीठ लागलं होतं. श्रावणीने पुसायला रुमाल काढला, नाकापर्यंत नेला, आणि तसाच घडी करून परत खिशात ठेवला.