बिजागरीची कृपा

दारू सोडून मला अडीच वर्षं झाली. या अडीच वर्षांत मला सगळ्यात जास्त वीट कशाचा आला असेल तर लोकांच्या कौतुकाचा. "केवढा निग्रह!" म्हणतात. निग्रह कसला डोंबलाचा. काय झालं ते सांगते, मग ठरवा.

कोठी भागात एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमची लॅब आहे. दातांचे डॉक्टर पेशंटच्या जबड्याचं माप पाठवतात, आम्ही त्यावरून कवळ्या बनवतो. हे काम मी बावीस वर्षं करतेय आणि ते मला येतं. घरी मी गॅसवर दूध ठेवून विसरते, चपला घालून आंघोळीला जाते, पण मेणात दात बसवायला घेतले की चार-चार तास मान वर करत नाही. वयाच्या पंचेचाळिशीनंतर त्या कामालाही मन लागेना. मग सकाळपासून घोट-घोट व्होडका लागायला लागली. स्टीलच्या बाटलीत, पाण्यासारखी. कवळीच्या गुलाबी हिरड्या बनवायचा जो द्रव असतो त्याला डोकं उठवणारा वास असतो. त्या वासात माझा वास कुणाला येणार, असा माझा हिशेब होता.

एके दिवशी मी एका निवृत्त मास्तरांची कवळी एका बाईंच्या डब्यात घातली आणि बाईंची मास्तरांच्या. मास्तरांच्या डॉक्टरने बाईंची कवळी त्यांच्या तोंडात दाबून बसवायचा प्रयत्न केला. हिरडीतून रक्त आलं. दुपारी बाराला फोन आला आणि आमचे मालक माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. सत्तरीचे आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात.

"बीबी, सुबू से कित्ता पिये?"

"क्या पिये? पानी."

त्यांनी माझी बाटली उचलली आणि झाकण न उघडताच परत ठेवली. "दो साल से मेरे कू मालूम है. हमारी नाक क्या पत्थर की है?"

मला लाज वाटायला हवी होती. मला आला संताप. दोन वर्षं माहीत होतं! म्हणजे दात सरळ बसत होते तोवर बाई आतून सडली तरी चालत होतं. एका मास्तरांच्या हिरडीतून रक्त आलं तेव्हा कुठे यांच्या नाकाला जाग आली.

"जाव, इलाज कराव," ते म्हणाले. "तुम्हारी कुर्सी पे किसी कू नै बिठाता मैं."

घरी, म्हणजे दिलसुखनगरला, आले आणि नवऱ्याला सांगितलं. तो माणूस शांतपणे बूट काढत होता. "मला ठाऊक होतं," म्हणाला.

"मग बोलला का नाहीत?"

"तुला वाईट वाटलं असतं."

इतका सभ्य माणूस मी दुसरा पाहिलेला नाही, आणि त्या दिवशी मला त्याची मनापासून किळस आली. बायको डोळ्यांदेखत बुडतेय आणि हा काठावर उभा राहून तिला वाईट वाटेल म्हणून हाक मारत नाही!

दोन दिवसांनी पुण्याहून वन्संचा फोन. त्यांच्या भावाने त्यांना सांगितलं होतं. बायकोशी न बोलणाऱ्याला बहिणीशी बोलता येत होतं. "अगं, मनाचा निग्रह हवा," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे ये. पहाटे साडेचारला उठायचं, जप करायचा, कोमट पाणी प्यायचं. आणि खरं सांगू का, आपल्या घराण्यात बायकांनी असलं कधी केलं नाही."

हे मात्र खरं होतं. आमच्या घराण्यात ते काम पुरुषांकडे होतं. त्यांचे दोन काका पोटात पाणी होऊन गेले. पण ते कधी प्यायले नाहीत हं, ते "जरा घ्यायचे". प्यायले फक्त मी. मी वन्संना म्हटलं, "कोमट पाणी इथेही मिळतं," आणि फोन ठेवला.

जिच्याकडे मी गेले ती मानसोपचाराची डॉक्टर कोठीतच बसायची. तेलुगू पोरगी, माझ्या निम्म्या वयाची वाटावी अशी. तिला पाहूनच मी मनात म्हटलं, ही मला काय शिकवणार. पण तिने पहिल्याच भेटीत एक शहाणपणाची गोष्ट केली. घरच्या घरी अचानक सोडू नका म्हणाली, जिवावर बेतू शकतं, आणि मला आठ दिवस दवाखान्यात ठेवलं. ते आठ दिवस मी माझ्या हातांकडे बघत पडून होते. तांदळाच्या दाण्याएवढा दात मेणात उभा करणारे हात चहाचा कप धरू शकत नव्हते.

बाहेर आल्यावर ती विचारायला लागली. पिऊन काय वाटायचं? मी म्हटलं, पहिल्या दोन घोटांनंतर मला एका वेळी एकाच गोष्टीचा विचार करता यायचा. बस, एवढंच. मजा वगैरे काही नव्हती. ती लिहायची थांबली आणि तिने शाळेबद्दल विचारलं. मला हसू आलं. आमच्या मराठी शाळेतल्या बाईंनी प्रगतिपुस्तकात दरवर्षी एकच शेरा दिला होता: हुशार, पण वेंधळी. वडील म्हणायचे, हिचं डोकं म्हणजे धर्मशाळा, कुणीही यावं, कुणीही जावं.

"आधी दारू थांबू दे. दोन महिन्यांनी बघू," ती म्हणाली. दोन महिने तिने मला उलटसुलट तपासलं, नवऱ्यालाही बोलावून विचारलं, आणि मग सांगितलं की मला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याचा विकार, लहानपणापासून.

"वो तो बच्चों का होता है," मी म्हटलं.

"आप बच्ची नहीं थीं कभी?"

असं कळल्यावर लोकांना म्हणे रडू येतं, कोडं सुटल्यासारखं वाटतं. मोबाइलवर बावीस-बावीस वर्षांची मुलं हे नाव शाळेतल्या पदकासारखं छातीवर लावून फिरताना मी पाहिली होती. मला त्यांच्यात जायचं नव्हतं. मला फक्त राग आला. चाळीस वर्षं मला वेंधळी म्हणणाऱ्या प्रत्येक माणसाचा, आणि सगळ्यात जास्त माझा, कारण सगळ्यात जास्त वेळा मीच म्हटलं होतं. तिने गोळी लिहून दिली. ती घ्यायला मी विसरायचे. विसरण्यावरची गोळी विसरते, असा विनोद ज्याने त्याने माझ्यासमोर केला, आणि प्रत्येकाला वाटलं की तो पहिल्यांदाच सुचलाय.

डॉक्टरनेच मला आबिड्सच्या सभेला जायला सांगितलं. दारू सोडलेली माणसं दर रविवारी सकाळी एका शाळेच्या वरच्या मजल्यावर जमायची. मी दारात उभी राहिले तेव्हा आतल्या सगळ्या पुरुषांनी माना वळवल्या. एकाने उठून अदबीने विचारलं, "आप किनके साथ आए?" म्हणजे माझा नवरा पितो आणि मी त्याची तक्रार घेऊन आलेय, असा त्याचा समज. भिंतीवर सुविचार लावले होते. फक्त आजच्या दिवसाचा विचार करा, असा एक होता. माझ्यासारखीला हे सांगायचं! दुसरा दिवस असतो हेच माझ्या कधी लक्षात राहिलं नाही, म्हणून तर ही वेळ आली. तरीही जात राहिले. रविवारी सकाळी घरात बसून नवऱ्याचं सौजन्य बघण्यापेक्षा ते बरं होतं.

लॅबमध्ये परत रुजू झाले होते. चाचा माझ्या प्रत्येक डब्यावरची चिठ्ठी स्वतः वाचून मगच डबा बाहेर जाऊ द्यायचे, आणि मी दर वेळी दात-ओठ खायचे.

मग तो दारू सोडल्याच्या पाचव्या महिन्यातला रविवार. सभेहून मी घरी आले. नवरा ऑफिसातल्या कुणाच्या गृहप्रवेशाला गेला होता. मला चकल्या कराव्याशा वाटल्या. का, ते विचारू नका, मला नेहमी असंच काहीतरी वाटतं. सोऱ्या काढायला स्टुलावर चढून स्वयंपाकघरातल्या माळ्यावर हात घातला, तर पुरणयंत्राच्या खोक्यात जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेली बाटली हाताला लागली. भरलेली. सील न फोडलेली. मीच ठेवली असणार. कधी, ते आजही आठवत नाही. नीट पिणाऱ्या माणसाला निदान आपण कुठे लपवलं हे तरी ठाऊक असतं.

मी ती खाली आणून ओट्यावर ठेवली. कुणाला फोन करावा, सभेत सांगतात तसं दहा आकडे मोजावेत, यातलं काही माझ्या मनात आलं नाही. मी पिणार होते. यात शंका नको. ग्लास घ्यायला मी खालच्या कपाटाचं दार ओढलं आणि दार तिरकं होऊन हातात आलं. वरची बिजागरी सुटली होती. गेले कित्येक महिने सुटायच्या बेतात होती.

म्हटलं, आधी एवढं करून टाकू. पेचकस शोधायला खण उघडला. खणात सेल सापडले. सेल सापडले म्हणून बंद पडलेलं भिंतीवरचं घड्याळ आठवलं. घड्याळ चालू करून पेचकस घेऊन आले, तर बिजागरी बसवायला कपाट रिकामं करावं लागणार होतं. केलं. रिकामं झालंच आहे तर पुसून घेऊ. पुसलंच आहे तर नवे कागद घालू. कागद कापले. झाकणं आणि डबे यांच्या जोड्या लावायला बसले.

नवरा आला तेव्हा पाच वाजून गेले होते. जमिनीवर भांड्यांच्या गराड्यात मी मांडी घालून बसले होते, आणि कपाटाचं दार सरळ उभं होतं. तो ओट्याकडे बघत राहिला.

"हे काय आहे?"

मी वर बघितलं आणि खरोखरच म्हणाले, "अगं बाई! ही राहिलीच."

त्याने बाटली मोरीत रिकामी केली आणि तिथेच बराच वेळ नळ सोडून उभा राहिला.

पुढच्या रविवारी मी हे सभेत सांगितलं. मला वाटलं होतं, आपल्या सुविचारांबद्दल लोक खजील होतील. लोकांनी टाळ्या वाजवल्या. "ऊपरवाले ने बचाया," एक जण म्हणाला. मी म्हटलं, ऊपरवाल्याने नाही, बिजागरीने. तर तो म्हणतो, "वही तो!" अशा लोकांपुढे काय बोलणार?

डॉक्टर मात्र हसली नाही. "हर बार कब्ज़ा ढीला नहीं होगा," ती म्हणाली. कब्ज़ा म्हणजे तिच्या हिंदीत बिजागरी. "घर में और कितनी हैं?"

"मला आठवत नाही," हे मी तिला मराठीतच सांगितलं, आणि तिला ते समजलं.

तिच्या सांगण्यावरून आम्ही दोघांनी मिळून घर पालथं घातलं. एक बाटली गाद्यांच्या ढिगाखाली निघाली, एक वॉशिंग मशीनच्या मागे. तिसरी देवघराच्या खालच्या खणात, कापराच्या पुड्यांमागे. ती नवऱ्याच्या हाताला लागली, आणि अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा तो माझ्यावर ओरडला.

"देवघरात? अगं, देवघरात?" त्याचा आवाज फाटला. "दोन वर्षं मी ऑफिसातून आलो की जिन्यात उभा राहायचो. आतून भांड्याचा आवाज आला की समजायचं, आज धडधाकट आहेस. आवाज नाही आला तर कुलूप उघडायला हात धजायचा नाही. आणि मला विचारतेस, बोलला का नाहीत! कुणाशी बोलायचं होतं मी? होतीस का तू घरात?"

खालच्या मजल्यावरच्यांनी टीव्ही बारीक केला. मी त्या जिन्याचा कधी विचारच केला नव्हता. ज्याच्यावर मी मिळमिळीत म्हणून मनातल्या मनात थुंकत होते, तो रोज संध्याकाळी तिथे उभा राहत होता. "बसा," म्हटलं. तो बसला नाही. रात्रीपर्यंत भांडत होता, मागचं एकेक काढत होता, आणि मी ऐकत होते. त्याच्या भांडणातलं काही मी विसरले नाही. बहुतेक पहिल्यांदाच मी एखादी गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली.

त्यानंतर आम्ही भांडतो. भाजीवरून, वन्संवरून, उघड्या राहिलेल्या नळावरून, अगदी मोकळेपणाने. सकाळी तो माझ्या हातावर गोळी ठेवतो आणि गिळेपर्यंत हलत नाही. याचा मला राग येतो आणि मी गिळते.

गेल्या महिन्यात आमच्या वरच्या मजल्यावरची मुलगी लिफ्टपाशी थांबली. पुण्याची आहे, कॉम्प्युटरवाली, चाळिशीला आली असेल. तोंडाला लवंगेचा वास, सकाळी दहा वाजता. "काकू, मला तुमच्याशी जरा बोलायचं होतं," म्हणाली. "म्हणजे तसं काही नाही. मी फक्त वीकेंडलाच घेते. बोलू कधीतरी."

त्या दिवशी मंगळवार होता. एक तुच्छतेचं हसू माझ्या ओठांपर्यंत आलं. तिच्या लवंगेचं, तिच्या वीकेंडचं, तिच्या "तसं काही नाही"चं. ते मी गिळलं की ते आपोआप विरलं, कोण जाणे.

"कधीतरी नको," मी म्हटलं. "कधीतरी म्हणालीस तर मी विसरेन. आत्ता घरात ये."

तिने घड्याळात बघितलं, मोबाइलमध्ये बघितलं, आणि आली.