मोघे सर आणि सुमनआजींचा अंबाडा

नाही, म्हणजे मोघे सर ऑपरेशनच्या विरोधात आहेत असं जे सगळे म्हणतात ना, ते खरं नाही. मार्केट यार्डातल्या एका वयस्कर हमालकाकांचा खांदा मोडून सांध्यातून निखळला होता, तेव्हा सरांनी त्याच दिवशी स्वतः ऑपरेशन केलं.

डॉ. मोघे सर या महिन्यात पंचाहत्तर वर्षांचे झाले. मी त्यांच्या हाताखाली हाडांची डॉक्टर होतेय. पहिल्याच आठवड्यात त्यांची बोलणी खाल्ली, तीच आमची ओळख.

धायरीच्या सुमनआजी बाथरूममध्ये पडल्या होत्या. वय अठ्ठ्याहत्तर, उजव्या दंडाचं हाड खांद्यापाशी मोडलेलं. एक्स-रे बघून मी एक्साइट झाले आणि त्यांचं नाव थेट ऑपरेशनच्या यादीत टाकलं. त्यांचा मुलगा खराडीला आयटीत आहे. तोही म्हणाला, "प्लेट बसवून टाका मॅडम, विषय संपवा."

सरांनी यादी पाहिली. "आपण एक्स-रेच्या फिल्मवर ऑपरेशन करणार आहात की आजींवर?"

सर चिडले की 'आपण' म्हणतात. मग खुर्ची ओढून ते आजींसमोर बसले. "आजी, या हातावाचून तुमचं काय अडतंय?"

"अंबाडा. सून घालून देते हो, पण ती नुसती गाठ असते. माझा मला घालता आला पाहिजे."

सरांनी सगळं सरळ सांगितलं. हाड सरकलंय, पण तुकडे एकमेकांना धरून आहेत. हात झोळीत ठेवला तर जुळेल, नंतर व्यायाम करावे लागतील. ऑपरेशन केलं तरी व्यायाम सुटणार नाही, वर भूल आणि इन्फेक्शनचा धोका. हात पहिल्यासारखा वर जाईल याची गॅरंटी दोन्हीकडे नाही.

आजींनी झोळी निवडली. मुलगा नाराज. दर रविवारी सर स्वतः फोन करायचे, "झाले का व्यायाम?" आजी म्हणायच्या, "एवढी चौकशी घरात पण कोणी करत नाही!"

चार महिन्यांनी आजी आल्या त्या स्वतः अंबाडा घालूनच. मानेवर जरा खाली बसलेला, कारण हात त्याहून वर जात नव्हता.

मुलाने विचारलं, "ऑपरेशन केलं असतं तर हात पूर्ण वर गेला असता?"

मी हिरिरीने 'नाही' म्हणणार होते, तेवढ्यात सर शांतपणे म्हणाले, "माहीत नाही."

सरांना भरपूर आयुष्य मिळो, त्यांची तब्येत ठणठणीत राहो आणि ती खुर्ची अशीच पेशंटसमोर ओढली जावो. 'माहीत नाही' म्हणणं मला अजून जमत नाही. तुम्हीच सांगा, तुमच्या आईसाठी असा डॉक्टर तुम्हाला चालेल का?