माफीनाम्यातली एक जास्तीची ओळ

दिनू, तुला आठवत नसेल, तू तेव्हा सहा वर्षांचा होतास. आदिलाबादच्या बसस्टँडवर सकाळच्या उन्हात बाबा नागपूरच्या गाडीच्या कंडक्टरपुढे हात जोडून उभे होते, पोरगी एकटी आहे, खिडकीजवळची जागा द्या म्हणून. गाडी अर्धी रिकामी होती. मी कुठेही बसले असते तरी कोणी उठवलं नसतं, पण विनंती केल्याशिवाय बाबांना काही घेताच येत नसे. मायने माझ्या मांडीवर भाकरीचं गाठोडं ठेवलं आणि म्हणाली, "आत्याकडे तोंड मिटून राहजो." तू खिडकीखाली टाचा उंचावून विचारलंस, "ताई, केव्हा येशीन?" मी चौदा वर्षांची होते. मला हिंगणघाटला आत्याकडे पाठवून देत होते, कारण मी शाळेत एका मुलीचा दात पाडला होता.

परवा फोनवर तू म्हणालास, मावला गावातल्या आपल्या घरावर स्लॅब टाकून झाला, वरची खोली ताईची, आता सुट्टीत येऊन राहत जा. तू मनापासून म्हणालास, म्हणून हे लिहायला बसले. त्या खोलीला मी नुसतं 'बघू' म्हणाले. त्यामागचं कारण तुला कोणी सांगितलेलं नाही. घरात तो विषय निघाला की माय उठून चुलीकडे जायची आणि बाबा चष्मा पुसायचे. आपल्याकडे असल्या गोष्टी अशाच निस्तरतात.

बाबा अर्जनवीस होते, हे तुला माहीत आहे. कचेरीच्या आवारातल्या कडुनिंबाखाली त्यांचं टेबल. बेल्याकडचे, भीमपूरकडचे आपले मराठी लोक बांधाची, वारसाची भांडणं घेऊन यायचे. बाबा त्यांचं ऐकून मराठीत, उर्दूत, तेलुगूत, ज्या साहेबाला जी चालेल त्या भाषेत अर्ज लिहून द्यायचे. आजोबा दुसऱ्याच्या शेतात राबले आणि त्यांचा मुलगा लेखणीवर पोट भरतो, याचा त्यांना फार अभिमान होता. म्हणूनच त्यांनी मला सहावीपासून तेलुगू माध्यमाच्या शाळेत घातलं. कागद तेलुगूत, सरकार तेलुगूत, म्हणजे पोरगीही तेलुगूत शिकली पाहिजे. पाचवीपर्यंत मराठी शाळेत पहिली येणारी मी, सहावीत मुकी झाले.

आठवीत आमच्या वर्गाची लीडर श्रीलता झाली. टीचर बाहेर गेली की लीडरने फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहायची, ही त्या शाळेची रीत. पहिल्या दिवसापासून सगळ्यात वर माझं नाव. 'के. वंदना', आडनावाचं एक अक्षर करून पुढे लावलेलं. जिला धड चार वाक्यं जुळवता येत नव्हती, तिचं नाव बोलणाऱ्यांत! टीचर येऊन फळा वाचायची आणि काही न विचारता म्हणायची, "गोडकुर्ची." गोडा म्हणजे भिंत. भिंतीला पाठ लावून, खाली काही नसताना खुर्चीवर बसल्यासारखं गुडघे वाकवून राहायचं. पाच मिनिटांत मांड्या थरथरायला लागतात, दहा मिनिटांत डोळ्यांतून पाणी येतं. मी सव्वा वर्ष जवळजवळ रोज त्या खुर्चीवर बसले.

एवढ्यावर भागत नव्हतं. मी बसले की श्रीलता माझ्या मांड्यांवर वह्यांचा गठ्ठा ठेवायची, आणि तो पडला की फळ्यावर माझ्या नावापुढे फुली मारायची. मधल्या सुट्टीत मला रांजणाला हात लावू द्यायची नाही, वरून पाणी ओतायची, तेही अर्धं कोपरावर. आपण बौद्ध म्हणजे कोण, हे तिला घरी कोणीतरी नीट समजावून सांगितलं असणार. वर्गात आणखी दोन मराठी मुली होत्या, बाजारातल्या दुकानदारांच्या. त्या हसणाऱ्यांत सामील झाल्या आणि सुटल्या. त्यांचा राग मला श्रीलताइतकाच येतो, आजही येतो.

घरी सांगितलं तेव्हा माय म्हणाली, "तू काऊन तिच्याकडं पाह्यतं? खाली पाहून राहत जाय." बाबांनी मात्र ऐकून घेतलं, असं मला वाटलं. टेबलाशी बसले, कोरा कागद घेतला आणि हेडमास्तरांच्या नावे अर्ज लिहिला. सुरेख अर्ज! फिर्यादीचं नाव, बापाचं नाव, राहणार कुठची, आणि समोरच्या पक्षाचंही तसंच, सगळ्या हुद्द्यांसकट. श्रीलताचे वडील कचेरीत गिर्दावर होते, म्हणजे गावोगाव जमिनी तपासत फिरणारे अधिकारी. बाबांचं टेबल त्या कडुनिंबाखाली त्यांच्याच मेहेरबानीने होतं. आणि बाबांनी सवयीने शेवटी लिहिलं, नकल रवाना कचेरी, म्हणजे एक प्रत कचेरीला. वीस वर्षं प्रत्येक अर्जाखाली लिहीत होते, इथेही लिहिलं. ज्याच्या मुलीविरुद्ध तक्रार, त्याच्याच टेबलावर तिची नकल स्वतःच्या हाताने नेऊन ठेवली.

गिर्दावर साहेब रागावले नाहीत. त्यांनी बाबांना आत बोलावलं आणि चार लोकांसमोर तो अर्ज मोठ्याने वाचायला लावला. लोक हसले. साहेब म्हणाले, "क्या लिखते तुम, वाह." बाबांनी घरी येऊन हे कौतुक म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून श्रीलता मी भिंतीला टेकले की त्या अर्जातली वाक्यं म्हणून दाखवायची आणि वर्ग टाळ्या वाजवायचा.

नववीत, दसऱ्याच्या सुट्टीनंतरची गोष्ट. मी भिंतीला बसले होते. श्रीलताने वह्या ठेवल्या, त्यावर लाकडी डस्टर ठेवला आणि वाकून माझ्या कानाशी तेलुगूत म्हणाली, "तुझा बाप माझ्या बापाच्या पाया पडतो, तू माझ्या पड." तेवढं तेलुगू मला चांगलं येत होतं. मी उठले. वह्या पडल्या, डस्टर मात्र मी वरच्या वर पकडला. तो मी तिच्या तोंडावर मारला. एकदाच, पण सगळ्या ताकदीने. तिचा समोरचा दात अर्धा तुटला. दिनू, मला वाईट वाटलं असं मी पुढे पुष्कळांना सांगितलं. ते खोटं होतं. सव्वा वर्षात पहिल्यांदाच माझे पाय थरथरत नव्हते.

हेडमास्तरांनी माफीनामा मागितला. फक्त माफीनामा, एवढं लक्षात ठेव. मुलीने माफी लिहून द्यावी, वडिलांनी सही करावी, विषय संपला. पण बाबांच्या धंद्याची एक रीत होती आणि ती ते आम्हालाही कौतुकाने सांगत. अर्जदाराने स्वतःची शिक्षा स्वतःच थोडी जास्त लिहायची, म्हणजे साहेबाला ती कमी करून दयाळू व्हायला जागा राहते. ज्याने शेजाऱ्याचा हातभर बांध कोरला, तो लिहून देणार की मी अख्खा धुरा, सगळा बांधच सोडायला तयार आहे. मग साहेब म्हणणार, अरे, एवढं कशाला, तेवढा हातभर सोड म्हणजे झालं. सगळे खूश. ही युक्ती कधी फसली नाही, असं ते म्हणत.

गिर्दावर साहेब शाळेत हेडमास्तरांच्या खोलीत बसले होते. श्रीलता ओठाला रुमाल लावून बाजूला. बाबांनी लिहिलेला कागद माझ्यापुढे सरकवला. माझ्या मुलीचा स्वभाव मुळातच उग्र आहे, असं त्यात होतं. सव्वा वर्षाच्या गोडकुर्चीचा एक शब्द नव्हता. आणि शेवटची ओळ होती, सदर मुलीस मी या शाळेतून काढून जिल्ह्याबाहेर पाठवण्यास तयार आहे. मी बाबांकडे बघितलं. ते अगदी हळू म्हणाले, "लिवा लागते तसं. साहेब म्हणतीन, राहू दे. तू सई कर."

बाबांच्या सहीखाली मी सही केली. माझा त्यांच्या युक्तीवर विश्वास होता, हे सांगताना आजही लाज वाटते.

साहेबांनी कागद सावकाश वाचला. शेवटच्या ओळीवर थांबले. बाबा थोडे पुढे झुकले, चेहऱ्यावर हसू तयार ठेवून. साहेब म्हणाले, "ठीक है. ऐसाइच करो. तुम समझदार आदमी है." आणि हेडमास्तरांचं पेन घेऊन खाली 'मंजूर' लिहिलं. बाबांचं हसू तसंच राहिलं. मी वाट बघत होते की ते आता तोंड उघडतील, म्हणतील साहेब, तसं नाही, ती फक्त लिहायची पद्धत आहे. ते म्हणाले, "मेहेरबानी, साहेब."

घरी मी त्यांचे पाय धरले. दुसरा अर्ज लिहा म्हणाले. बांधासाठी, कोंबडीसाठी भांडणाऱ्यांना दुसरा-तिसरा अर्ज लिहून देणारा माणूस मला म्हणाला, "मंजूर झालेला कागद वापस नाई घेता येत, बाई." आठवड्याभरात मी गाडीत होते. पैनगंगेचा पूल ओलांडला तेव्हा शेजारची बाई म्हणाली, आलं बरं महाराष्ट्र. तिला घरी आल्यासारखं वाटलं असेल. मला तर आपली माणसं मागे राहिल्याचं कळलं आणि गाठोडं उघडावंसंही वाटलं नाही.

हिंगणघाटला आत्याने जीव लावला, खोटं कशाला बोलू. पण तिथे मी 'आंध्रातली' झाले. माझ्या मराठीला हसायच्या मुली, तिच्यात मध्येच येणाऱ्या तेलुगू शब्दांना. तिकडे मराठी म्हणून भिंतीला बसवलं, इकडे मी मराठी बोलले तर मुली हसल्या. दहावी, बारावी, मग नागपूर, जिल्हा परिषदेत नोकरी, लग्न, फ्लॅट. दिवाळीला दोन दिवस यायचे, पाहुण्यासारखी. मायने मला परत कधी पाणी भरायला सांगितलं नाही, आणि तेच मला सगळ्यात जास्त लागलं.

गेल्या उन्हाळ्यात आले तेव्हा तू वेगळं राज्य मागणाऱ्यांच्या सभेला गेला होतास. घरी मी आणि बाबा दोघंच. ओसरीत बसलो होतो. त्यांचा हात आता कापतो, सही धड होत नाही. मला वाटलं, आता त्या कागदाबद्दल बोलतील. ते म्हणाले, "तुह्यं तर चांगलंच झालं ना. शिकली, नौकरी लागली. हितं राह्यली असती त काय झालं असतं?"

इतक्या वर्षांत सगळ्यांनी हेच ऐकवलंय. जणू मला नोकरीला लावण्यासाठीच श्रीलता जन्माला आली होती. मी म्हणाले, "बाबा, साहेब 'राहू दे' म्हणाले असते, तर तुमी मले पुन्हा त्याच वर्गात पाठवलं असतं?"

"हाव. काऊन नाई?"

"आणि तिनं पुन्हा भिंतीले बसवलं असतं?"

बाबांनी बोटांवर मोजलं. "दीडच वरीस राह्यलं होतं, बाई. निघून गेलं असतं."

त्यांनी हे अगदी मायेने सांगितलं, दिनू. ते दुष्ट नव्हते आणि आजही नाहीत. म्हणून तर मला त्यांच्यावर ओरडताही येत नाही. मी उठून आत गेले आणि चहा टाकला.

या पावसाळ्यात यशूच्या शाळेतून फोन आला. तुझ्या भाचीने एका मुलीला कंपासपेटी फेकून मारली होती. मी गेल्या गेल्या प्रिन्सिपल मॅडमनी लेखी माफीनामा मागितला. माझा हात सरळ पर्सकडे गेला, पेनसाठी. बापाचीच लेक मी. मग थांबले आणि म्हणाले, "आधी हिचं ऐकते, उद्या सांगते." मॅडमना ते आवडलं नाही.

घरी आणून तिला सोफ्यावर बसवलं. बूटही काढू दिले नाहीत. विचारलं, "काय झालं?" ती तासभर बोलत होती. रडली, चिडली, मध्येच हसली. त्यात थोडी तिचीही चूक होती, तीसुद्धा तिने स्वतःच सांगून टाकली. मी एकही वाक्य मध्ये बोलले नाही. जिथे आपल्याला कोणी आधी 'काय झालं' विचारतं ते घर, एवढंच मला आता कळतं. त्या खोलीत तू पलंग टाक, पंखा लाव, मी येईन, दोन दिवस राहीन, बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेईन. पण ती खोली माझी म्हणू नकोस.

यशू बोलून थकली आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली. मी तिच्या केसांतून हात फिरवत होते. आणि खरं सांगते, दिनू, मला तेव्हा माझ्या पोटच्या पोरीचा हेवा वाटत होता.