लाल दिवा, हिरवं बटण

चांगुणाबाईच्या हाताला आणि तोंडाला बदनापूरजवळच्या कापसाच्या जिनिंगात सगळेच टरकून असत. पायलच्या अंगचटीला आलेल्या मुकादमाला तिनं भर दुपारी चपलेनं बडवला होता. पायल तिची कामातली जोडीदारीण, दोघी एकाच गल्लीतल्या.

जुन्या मशीनच्या स्विचला दांडा होता. कापूस अडकला की बाई दांडा खाली ओढायची, त्याला आपला रुमाल बांधायची आणि मगच आत हात घालायची. ज्याचा रुमाल त्यानंच सोडायचा, मालकाचीसुद्धा बिशाद नव्हती. नव्या मशीनला मात्र पत्र्याचा गुळगुळीत डबा आला: एक दिवा, दोन बटणं, एक लाल, एक हिरवं. रुमाल बांधणार कुठं?

त्या दिवशी कापूस अडकला. पायलनं पाहिलं, दिवा लाल. लाल म्हणजे थांबलेलं, हे रेल्वेच्या फाटकावर लहानपणीच शिकलेलं. शेजारच्या मशीनांच्या गदारोळात हिचा आवाज वेगळा कळेना. तिनं पत्र्याखाली हात घातला आणि रोलरनं तो मनगटापर्यंत ओढून घेतला.

किंकाळी ऐकून चांगुणाबाई धावली. पांढऱ्या कापसावर रक्ताच्या चिळकांड्या उडत होत्या.

"लाल दिवा म्हंजे मशीन चालू हाय!" लांबून फिटर हरिओम ओरडला.

लाल म्हणजे चालू, तर हिरवं म्हणजे बंद. चांगुणाबाईनं हिरवं बटण दाबलं. पुन्हा दाबलं, मुठीनं ठोकलं. रोलर कोपरापर्यंत पोचला. मग तिनं पहार उचलली आणि मोटारीच्या पट्ट्यात खुपसली. पट्टा तुटला, तिचा गाल फाडून गेला. मशीन थांबलं.

हरिओम धापा टाकत आला. "मावशी, बंद करायचं बटन लाल असतंय. दिव्याचा लाल येगळा, बटनाचा लाल येगळा."

तिनं त्याची गचांडी धरून डोकं त्याच डब्यावर आपटलं. "मंग हे रगत कोन्त्या लालमदी धरू रे भाड्या?"

लोकांनी ओढून काढलं नसतं, तर तिनं त्याला जिता सोडला नसता.

पायल वाचली, हात कोपरावरून गेला. गल्लीत चांगुणाबाईचं कौतुक सुरू झालं. ते ऐकलं की तिला स्वतःचीच शिसारी यायची. अखेर ती पायलच्या उशाशी जाऊन बसली.

"म्या आधी हिरवं दाबलं, पोरी. लाल दाबलं असतं तर कोपर राह्यलं असतं."

पायलनं मान तिच्याकडं वळवली.

"मावशी," ती म्हणाली, "म्या बी हिरवंच दाबलं असतं."

मुकादमापुढं, मालकापुढं कधी न रडलेली चांगुणाबाई तिथं ओक्साबोक्शी रडली.